परदेशातल्या गौरी-गणपतीत तुम्हाला कोणाचं काम पहिल्यांदा दिसलं?

पाटावरवंटा
यंदा गौरी पहिल्यांदाच आमच्याकडे, म्हणजे जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या एका गावात बसल्या. साताऱ्यात सासूबाईंचे गुडघे ऐकेनात, जाऊबाईंची नोकरी पुण्याला. त्यामुळे मे महिन्यात पितळी मुखवटे माझ्या हातात आले. सासूबाईंच्या जुन्या नऊवारीत गुंडाळून हातातल्या बॅगेतून आणले. विमानतळावर तपासणीच्या पडद्यावर दोन चेहरे दिसल्यावर काय झालं, त्यावर वेगळा धागा काढीन.

१ सप्टेंबरला सोमवारी पूजन. रजा टाकली. कारण विचारलं तेव्हा खरं ते सांगितलं, दोघी माहेरवाशिणी यायच्यात. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, "कुठल्या विमानाने?"

तर मुद्दा. साताऱ्याला हा सण आपोआप व्हायचा असं वाटायचं. इथे मी यादी करायला बसले. आघाडा, दूर्वा, केना, केळीचे खांब, सोळा भाज्या, फुलोऱ्याचे तिखट-गोड प्रकार, मखराच्या काठ्या. प्रत्येक ओळीपुढे एक माणूस उभा राहिला. आघाडा-केना आणणाऱ्या मावशी. भाज्यांची वाटणी करून देणारा मंडईतला माणूस. आणि गौरींना साडी नेसवणारी शेजारीण. तिच्या हाताला त्या निऱ्या अशा बसायच्या की आम्ही कोणी कधी शिकायच्या फंदातच पडलो नाही. इथे यूट्यूब लावून नेसवली, तर धाकटीचा पदर सारखा घसरत होता.

"परदेशात आलं की सणाची किंमत कळते" हे वाक्य आमच्या प्रत्येक व्हॉट्सॅप गटात फिरतं. मला ते गुळगुळीत वाटतं. कसली किंमत, आणि कोणाची? म्हणून सरळ विचारते. परदेशात सण करताना कोणाचं काम तुम्हाला पहिल्यांदा दिसलं? भावना नकोत, कामं सांगा. भावना आल्याच तर हरकत नाही.

हरळीवाला
दूर्वा! मुक्काम डॅलसजवळ. इकडे अमेरिकेच्या दक्षिणेत 'बर्म्युडा ग्रास' म्हणून घरोघरी जी हिरवळ लावतात, ती आपली हरळीच. थोडक्यात, आम्ही दूर्वांवर गाड्या लावतो. पहिल्या वर्षी वाटलं, चला, हा प्रश्न मिटला.

मिटला नाही. हिरवळीवर दर आठवड्याला यंत्र फिरतं, त्यामुळे तीन पात्यांचा कोवळा तुरा शिल्लकच राहत नाही. तो कुंपणाच्या कडेला, यंत्र पोचत नाही तिथे. तिथेही आधी चौकशी करायची की शेजाऱ्याने तणनाशक मारलंय का. मग वाकून एकेक खुडायची, धुवायची, निवडायची, एकवीस-एकवीसच्या जुड्या बांधायच्या. कंबर गेली. दादर स्टेशनबाहेर वसई-पालघरकडच्या बायका पहिल्या लोकलने येऊन फडक्यावर हेच मांडून बसतात. त्या जुडीत किती वाकणं आहे ते मला टेक्सासात कळलं.

बाकी यंदा आमच्याकडे गौरीपूजन नेमकं लेबर डेला आलं. कामगारांच्या सन्मानाची सुट्टी, आणि बायको सकाळी सहापासून सोळा भाज्या चिरत होती.

मधली_आळी
आणि आपण?

हरळीवाला
मी फोटो काढत होतो. :)

मधली_आळी
सन्मान झाला म्हणायचा.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या विदर्भात यांना महालक्ष्म्या म्हणतात. ज्वारीची आंबील पाहिजेच पाहिजे, तिच्याशिवाय ताट पुरं नाही. टोरंटोत ज्वारीचं पीठ कुठं भेटलं माहीत आहे? ग्लूटेन नको असणाऱ्यांच्या फळीवर, सुंदर पुडक्यात, गव्हाच्या कितीतरी पट भावात. जी ज्वारी आमच्या घरी गडीमाणसं खायची आणि पाहुणे आले की आम्ही पोळ्या करायचो, ती इथं तब्येतवाल्यांचं खाणं झाली. आजी असती तर पुडक्याची किंमत पाहून म्हणाली असती, "काऊन बाप्पा, सोनं दळलं का यात?"

कामाचं विचारता तर आंबील ढवळणारी माझी मोठी आई. मंद आचेवर अर्धा-पाऊण तास हात थांबवायचा नाही, नाहीतर गुठळी. मी इथं ढवळली तेव्हा खांदा भरून आला. आमच्याकडे तर ती पन्नास पानांची करायची.

उंबरठा
सगळं गोड गोड चाललंय, त्यात मीठ टाकते.

माझे दीर परदेशात असतात. दर वर्षी गौरी आल्या की घरच्या गटावर त्यांचा मोठा लेख येतो. आईच्या हातची पुरणपोळी, माजघरातला धूर, कृतज्ञतेने भरून आलेलं मन वगैरे. लेख सुंदर असतो, मी स्वतः रडले आहे. पण आईंचं वय आता बहात्तर. त्या अजूनही चाळीस माणसांचं पुरण घालतात, कारण "पोरगा तिकडून व्हिडिओ कॉलवर बघतो, त्याला सगळं पहिल्यासारखं दिसलं पाहिजे." म्हणजे त्याच्या आठवणी ताज्या राहाव्यात म्हणून इथे एक बाई पाट्यावर बसते आणि दुसरी (अस्मादिक) तिला उठवते.

कृतज्ञता वाटली ना? मग स्वयंपाकाला बाई लावायचे पैसे पाठवा. "आई, यंदा पाचच भाज्या कर" असं तोंडाने म्हणा, कारण आम्ही सुनांनी म्हटलं तर तो आळस होतो. मुलाने म्हटलं तर ती काळजी. धाग्याचा प्रश्न चांगला आहे, पण काम दिसल्यावर पुढे काय केलंत तेही लिहा.

कोपऱ्यातली_खुर्ची
उंबरठाताई, दंडवत. पॉपकॉर्न ठेवून उठलो आणि आईला फोन केला.

हरळीवाला
@उंबरठा, पटतंय, पण एक सांगतो. पैसे पाठवले तर आई घेत नाही. बाई लावली तर म्हणते हिला सोवळं कळत नाही, आणि तिसऱ्या दिवशी तिला सुट्टी देऊन टाकते. लांब बसून माणसाने करायचं काय?

उंबरठा
लांब बसून करू नका. गौरीच्या आठवड्यात रजा काढून या आणि भांडी घासा. डिसेंबरातच यायला पाहिजे असं कुठे लिहिलंय?

हरळीवाला
मुलांच्या शाळा ऑगस्टमध्ये सुरू होतात हो इकडे.

उंबरठा
मुलांना कोण बोलावतंय. तुम्ही या.

बंदरावरचा
मी गुहागरकडचा, दोहाला एसी दुरुस्तीच्या कामाला. वरची चर्चा वाचली. रजा काढून या, हे लिहायला सोपं आहे. आम्हाला दोन वर्षांतून एकदा तिकीट. कोकणातल्या माणसाला गणपतीला घरी जायला मिळालं नाही तर काय होतं ते इथे बऱ्याच जणांना माहीत असेल.

खोलीत आम्ही सहा जण. त्यात मराठी मी एकटा. मूर्ती वगैरे काही नाही, भिंतीवर कॅलेंडरातला गणपती. चतुर्थीच्या आदल्या रात्री खोलीतल्या मलबारी स्वयंपाक्याने विचारलं, तुझा सण ना उद्या? आणि सकाळी त्याने कोळुक्कट्टा केला. तांदळाची उकड, आत गूळ-खोबरं, वाफवलेला. कळ्या नाहीत, नुसता गोल. बाकी आपला मोदकच. मी खाल्ला आणि ड्युटीवर गेलो नाही, कारण माझी पाळी खोलीतल्या नेपाळी पोराने घेतली होती. त्याच्या दशैंला मी त्याची घेतो. हे आमचं न बोलता ठरलेलं आहे.

कोणाचं काम दिसलं विचारता, तर हे दोघे. पुढे काय केलं, तर पाळी परत केली.

पाटावरवंटा
@बंदरावरचा, धाग्याला आतापर्यंत मिळालेलं सगळ्यात नेमकं उत्तर. @उंबरठा, तुमचं मीठ जिभेला झोंबलं, आणि तसं ते झोंबायलाच हवं होतं. यावर नंतर सविस्तर लिहिते, आता मीटिंग आहे.

कांगलां
गोव्यातली, हल्ली स्विंडनला (इंग्लंडात, विल्टशर परगण्यात). आमची चवथ. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. लाकडी चौकट छताला टांगायची आणि तिला त्या मोसमात रानात-कुळागरात जे जे पिकलं ते बांधायचं. नारळ, सुपारीचे घोस, आंबाडे, तोरंजन, कांगलां, रानटी फळं, वेली. काही घरांत चारशे-पाचशे प्रकार बांधतात, सरकारी स्पर्धाही असते. बाजारात विकत मिळतं आताशा, पण माझे आजोबा स्वतः डोंगरावर जायचे.

इथे पहिली काही वर्षं मी इंडियन दुकानातून नारळ आणि केळी आणून बांधायचे. माटोळी दिसायची, पण ती फळांच्या दुकानासारखी. एका वर्षी शेजारचे म्हातारे गृहस्थ काही कामाने आले, वर बघितलं, विचारलं हे काय. मी सांगितलं की जमिनीने या ऋतूत जे दिलं ते देवाच्या डोक्यावर धरायचं. ते म्हणाले, मग केळी कशाला? केळी काय इथल्या जमिनीने दिली?

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला त्यांच्या नेहमीच्या पायवाटेवर नेलं. कुंपणाकुंपणाला ब्लॅकबेरी, रानसफरचंदं, रोवनचे लाल घोस, हॉथॉर्न, अजून हिरवी असलेली हेझलनट, हॉप्सच्या वेली. कशाला हात लावायचा नाही तेही सांगितलं, कारण काही फळं विषारी. त्या वर्षापासून माझी माटोळी इथली आहे. मधोमध एक नारळ असतो, तो माझ्या हट्टाखातर.

मला दिसलं ते आजोबांचं काम. आम्हाला वाटायचं ते फळं आणायला जातात. खरं तर कुठल्या वळणावर कुठला वेल, कुठलं फळ आठवड्याने पिकेल, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. तसं डोकं असलेला दुसरा माणूस मला थेट विल्टशरमध्ये भेटला.

झिम्मा_फुगडी
कांगलां, सुंदर! फोटो टाका ना.

कांगलां
फोटो कसा चढवायचा ते या संस्थळावर अजून जमलेलं नाही. प्रशासकांबद्दल कृतज्ञता दुसऱ्या धाग्यात व्यक्त करीन.

तेरडा
कांगलांच्या पायवाटेवरून माझी गोष्ट आठवली. नाव बघूनच ओळखलं असेल. आम्ही राजापूरकडचे, आमची गौर तेरड्याची. पाणवठ्यावरून तेरड्याची रोपं मुळासकट आणायची. मुळं म्हणजे गौरीची पावलं.

मी यॉर्कशरमध्ये राहते. इथल्या ओढ्या-नद्यांच्या काठाने ऑगस्टमध्ये एक गुलाबी फुलांचं झाड माजतं, माणसापेक्षा उंच. पहिल्यांदा बघितलं आणि जागच्या जागी थांबले, कारण फूल ओळखीचं होतं. हा हिमालयातला तेरडा, आपल्या तेरड्याचा थोराड चुलतभाऊ. १८३९ मध्ये बागेची शोभा म्हणून इकडे आणला, तो बागेतून पळाला आणि नद्यांचे काठ बळकावून बसला. शेंग पिकली की फुटते आणि बिया सात मीटरपर्यंत उडतात. हिवाळ्यात झाड मरतं, काठ उघडे पडतात, माती वाहून जाते. त्यामुळे गावोगावी स्वयंसेवकांचे गट उन्हाळ्यात जाऊन ही झाडं उपटतात. मीही अशा एका गटात जाते. मुळं उथळ असतात, धरून ओढलं की अख्खं झाड हातात येतं. गटाच्या बाई सारख्या ओरडत असतात, "मुळासकट! मुळासकट!" मला दर वेळी हसू येतं.

यंदा ३१ ऑगस्टला गौरी आवाहन रविवारी होतं. झाडांच्या सावलीतला एक उशिरा फुललेला पट्टा राहिला होता, तिथे आमचा गट गेला. मी बाईंना विचारलं, एक रोप घरी नेऊ का, आमच्याकडे पूजा असते. त्या म्हणाल्या, नाही, कायद्याने नेता येत नाही. मग मी काठावरच एका दगडाशी ते रोप टेकवलं, हळदीकुंकू वाहिलं, डब्यातून भाजी-भाकरीचा नैवेद्य दाखवला. गटातल्या दोन निवृत्त मास्तरणी चिखलाचे हातमोजे काढून शेजारी उभ्या राहिल्या. नंतर रोप बाकीच्या ढिगात टाकलं. आवाहन, पूजन, विसर्जन, सगळं पाऊण तासात.

गंमत बाजूला ठेवून सांगते. राजापूरला आमच्या परसात तेरडा फुकट उगवतो म्हणून त्याचं काही वाटलं नाही. इथे तोच शत्रू आहे आणि त्याला हटवायला लोक सुट्टीचे दिवस घालवतात, नदी त्यांची म्हणून. नदीसाठी एवढं राबणारी माणसं मी आधी जवळून पाहिली नव्हती.

शंकासुर
पण ज्या झाडाचा इतका उपद्रव त्याला देवी म्हणून पूजायचं, हे विसंगत नाही का? शिवाय तो आपला तेरडाही नाही. शास्त्राला धरून काय आहे?

तेरडा
शास्त्राला धरून मुळासकट होतं. :)

वऱ्हाडी_ठेचा
शंकासुरा, कोकणस्थांकडे खड्यांच्या गौरी असतात, तुमच्याकडे मुखवटे, आमच्याकडे धान्याच्या राशीवर. एका राज्यात एक शास्त्र नाही, अन् तुम्ही यॉर्कशरचं विचारता.

मी_मुंबईकर_नाही
परदेशाचं काय घेऊन बसलात. गणपतीला कारने चिपळूणला निघालो होतो, माणगावात अडकलो. तिथे ज्या माणसाने पहाटे तीनला चहा पाजला त्याच्याबद्दल मला अजून कृतज्ञता आहे. माणगाव हा परदेशच धरा.

झिम्मा_फुगडी
हाहाहा. व्हिसाशिवाय जाता येतं पण बाहेर पडता येत नाही.

मधली_आळी
मुंबईकर_नाही विनोद करतायत, पण त्यात मुद्दा आहे. लांब जायलाच लागतं असं नाही. २०२० आठवा. घरगुती मूर्ती दोन फुटांपर्यंत, मंडळांच्या चार फुटांपर्यंत, लालबागचा राजा बसलाच नाही, त्या जागी मंडळाने रक्तदान आणि प्लाझ्मादान शिबिर घेतलं. आम्ही त्या वर्षी गिरगावात असून परदेशात होतो. आरतीला आम्ही नवरा-बायको आणि एक घंटा. तेव्हा मला ढोलकीवाला पोरगा आठवला, जो दर वर्षी न बोलावता दहा दिवस यायचा आणि ज्याचं आडनावही मला माहीत नव्हतं. शोधून काढलं. त्याचं काम सुटलं होतं. पुढचं लिहीत नाही.

म्हणून माझं मत असं की परदेशाचा यात फारसा संबंध नाही. नेहमीचा माणूस नेहमीच्या जागी नसला की त्याचं काम दिसतं. एवढंच.

पाटावरवंटा
@मधली_आळी, हे जवळजवळ पटलं. तरी एक फरक राहतो. २०२० मध्ये तुम्हाला माहीत होतं की तो पोरगा परत येऊ शकतो. मला साडी नेसवणाऱ्या शेजारणीची जागा स्वतः भरायची आहे, आणि दर वर्षी. आठवण काढून भागत नाही, हात शिकवावा लागतो.

सुशीत_मोदक
ओसाकाहून. उकडीसाठी पीठ विचारणाऱ्यांसाठी (विचारलं नाहीये, तरी सांगतो): मोचिको घेऊ नका, ते चिकट तांदळाचं, मोदक वाफवल्यावर बसतो आणि परत उठत नाही. जोशिन्को घ्या, ते साध्या तांदळाचं. त्याची उकड छान निघते.

आणि अवांतर, पण सांगायलाच पाहिजे. जपानात गणपती आधीपासून आहे. बौद्ध पंथाबरोबर चीनमार्गे आला, नाव कांगितेन. टोकियोत आसाकुसाजवळ मात्सुचियामाला त्याचं देऊळ आहे आणि तिथे लोक नैवेद्याला मुळा वाहतात. पांढराशुभ्र, हातभर लांब मुळा. क्योतोत कांगिदान नावाची तळणीची मिठाई मिळते, आकार बघा, वर चुण्या, आत गोड सारण. मोदकाचा हा प्रवास हजार वर्षांहून जुना आहे. मी पहिल्यांदा ती हातात घेतली तेव्हा वाटलं, आपण इथे येऊन फार मोठं काही केलं नाही, कोणीतरी आधीच आणून ठेवलंय. त्या अनाम भिक्षूंचं काम दिसलं म्हणा.

शंकासुर
मुळा? गणपतीला?

सुशीत_मोदक
हो, आणि देवळाच्या भिंतीवर मुळ्याची चिन्हं कोरलेली आहेत. शास्त्र विचारू नका.

पांढरा_कांदा
अलिबागकर. गौरी-गणपती सोडून थोडं वेगळं लिहितो, विषय कृतज्ञतेचा आहे म्हणून.

आमच्या आळीत बेने इस्रायली, म्हणजे कोकणातली ज्यू कुटुंबं होती, लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. घरात मराठी. बहुतेक जण आता इस्रायलला गेले, अश्दोद, दिमोना, लोद अशा ठिकाणी. त्यांच्याकडे मलिदा असतो. पोहे, गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, सुका मेवा, वर फळं, आणि एलियाहू हन्नावी या त्यांच्या प्रेषिताच्या नावाने प्रार्थना. मूल झालं, आजारातून उठलं, लग्न ठरलं, नवस फिटला की मलिदा. म्हणजे आभार मानायचा विधीच. अलिबागजवळच्या खंडाळ्यात खडकावर एक खूण आहे, ती एलियाहूच्या रथाची मानतात. तिकडून कोणी आलं की पहिले तिथे जातात.

आता बघा, त्यांच्या दृष्टीने ते परदेशातून मायदेशी गेले. आणि तिथे जाऊनही मलिदा कोकणातलाच, पोह्या-खोबऱ्याचा. आमच्या जुन्या शेजारीण आल्या होत्या, आईने विचारलं तिकडे पोहे मिळतात का. त्या म्हणाल्या, "मिळतात गं, पण नारळ फोडायला आळीतला मुलगा मिळत नाही." तो मुलगा मी.

झिम्मा_फुगडी
हा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. तिच्याही लहानपणी पनवेलला असे शेजारी होते.

मॉरिशसची_मैना
कामानिमित्त काही काळ मॉरिशसला होते. तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. एकोणिसाव्या शतकात मळ्यांवर मजुरीला गेलेल्या कोकणातल्या लोकांचे वंशज. घरात बोली क्रिओल, पण आरती मराठीत आणि झाकरी नाचतात, आपल्या जाखडीसारखं. करारावर गेलेल्या मजुरांनी मळ्यातून सुट्टी कशी मिळवली असेल, माती कुठली घेतली असेल? बंदरावरचा यांचा प्रतिसाद वाचताना तेच मनात आलं.

न्यूजर्सीचा_नातू
नमस्कार. माझा जन्म इथला. टाइप करायला वेळ लागतो, चुका सांभाळून घ्या.

तुम्ही सगळे 'तिकडे' आणि 'इकडे' मोजता. मला तिकडचं मोजायला नाही. माझा खरा गणपती शाळेच्या जिममध्ये, शनिवारी, बास्केटबॉलच्या रिंगखाली. तो कशाची कॉपी आहे असं मला वाटत नाही. जमिनीला टेप लावून चपलांची लाइन. हॉल दहा वाजता रिकामा करायचा, म्हणून शेवटची आरती फास्ट. लहानपणी मला वाटायचं आरतीची चाल तशीच असते.

मला कोणाचं काम दिसलं सांगतो. मंडळातल्या काकू-काका, जे शुक्रवारी रात्री ऑफिसनंतर यू-हॉलची भाड्याची गाडी घेऊन स्टोरेज युनिटमधून मखर आणायचे. मी आता तीस वर्षांचा आहे आणि ती गाडी मी चालवतो. ते म्हणतात आता आमची पाठ गेली. तर मला आभार मानायला भारतात बघावं लागत नाही. ते लोक इथेच एडिसनमध्ये राहतात आणि मला अजून मखर उलटं लावतो म्हणून ओरडतात.

उंबरठा
नातू, तुझं मराठी माझ्या दिरापेक्षा बरं आहे. तुझ्या काकूंना माझा नमस्कार सांग.

कोपऱ्यातली_खुर्ची
पहिल्यांदा असं झालंय की धागा साठ प्रतिसादांच्या आत भांडणाशिवाय चाललाय. शंकासुर, तब्येत बरी आहे ना?

शंकासुर
मुळ्याच्या धक्क्यातून सावरतोय.

पाटावरवंटा
परत आले. उंबरठा म्हणाल्या की काम दिसल्यावर पुढे काय केलं ते लिहा. तर लिहिते, फार काही नाही.

सासूबाईंना रविवारी हा धागा वाचून दाखवला. मला वाटलं त्या हळव्या होतील. त्यांनी सगळं ऐकून तीन गोष्टी सांगितल्या. एक, धाकटीचा पदर घसरतो कारण खांद्याशी सुईऐवजी आतून दोरा घ्यायला हवा, हे साडी नेसवणाऱ्या शेजारणीला विचारून कळवते. दोन, आघाडा-केना आणणाऱ्या मावशी गेल्या वर्षी वारल्या, आता त्यांची सून बसते, सासूबाई त्यांना दर वर्षी गौरीची ओटी द्यायच्या, म्हणाल्या, "ते आता तुमच्याकडून जायला पाहिजे, गौरी तुमच्याकडे ना?" मला हे माहीतच नव्हतं. म्हणजे मुखवट्यांबरोबर हे देणंही आमच्याकडे आलंय. साडी आणि पैसे या आठवड्यात पोचतील. शेजारणीलाही, पण तिला पैसे दिले तर ती बोलायची बंद होईल, म्हणून तिच्यासाठी सासूबाई काहीतरी ठरवतायत.

तीन, उंबरठांच्या प्रतिसादावर त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "खरं सांगू का, मुखवटे दिले तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. रडले ते लोक होते म्हणून."

हे त्यांनी इथे लिहायला परवानगी दिली आहे. दोनदा विचारलं.

उंबरठा
तुमच्या सासूबाई आणि माझ्या सासूबाई यांची फोनवर गाठ घालून द्या. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

हरळीवाला
मी तिकीट बघतोय. पुढच्या वर्षी, २०२६ला, चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, सोमवारी. एकटाच जाणार. आईला अजून सांगितलं नाही, नाहीतर आत्तापासून चकल्या सुरू करेल.

हरळीवाला
सौ. लिहितेय, त्यांचा लॉगिन उघडाच होता. दूर्वांच्या एकवीस जुड्यांपैकी त्यांनी सहा बांधल्या. कंबर तेवढ्यात गेली. बाकी तिकिटाचं खरं आहे, मीच काढायला लावलं.

मधली_आळी
सौ. हरळीवाला, स्वागत आहे. स्वतःचा आयडी काढा, इथे तुमची गरज आहे.

तेरडा
कोणाला आपल्या साध्या तेरड्याचं बी हवं असेल तर इथल्या बियांच्या दुकानात 'इम्पेशन्स बाल्समिना' नावाने पाकिटं मिळतात. त्यावर बंदी नाही. थंडी गेली की कुंडीत टाका, गौरीपर्यंत फुलतं. चिमट्याने नको, हाताने पेरा.

वऱ्हाडी_ठेचा
टोरंटोत मे संपल्याशिवाय काही टाकू नका, पाला (गोठलेलं दव) पडतो.